दीड दिवसाची मुंबई

गणपती दीड दिवसाचा चालतो, तर मुंबई दीड दिवसाची का चालू नये? अकोल्याहून आत्याने फोनवर हा सवाल टाकला आणि मी निरुत्तर झालो. सोमवारी सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने येणं, मंगळवारी संध्याकाळी त्याच गाडीने जाणं. सोबत दहा वर्षांचा नातू. त्याच्या खिशात वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर यादी: काळा घोडा, हत्तीची गुहा, चर्चगेटचं गेट, हँगिंग गार्डन, पेंग्विन. हँगिंग गार्डनखाली लाल पेनाने दोन रेघा.

यादी वाचून मला घाम फुटला. पेंग्विन सोडला तर त्यातली एकही गोष्ट तिच्या नावाच्या पत्त्यावर राहत नाही. मुंबईत पाटी एकीकडे आणि माल दुसरीकडे, हा जुना रिवाज आहे. चर्चगेटला गेट नाही, फोर्टात किल्ला नाही, धोबीतलावात तलाव नाही. पण हे सगळं फोनवर सांगून पोराचा विरस कशाला करा? या म्हटलं.

आधी मागे वळा

सीएसएमटीवर उतरणारा माणूस एकच चूक हमखास करतो. बॅगा सावरत टॅक्सीच्या मागे धावतो आणि मुंबईतली सर्वांत देखणी इमारत त्याच्या पाठीमागे राहते. म्हणून नियम पहिला: रस्ता ओलांडा, मग मागे वळा.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने हे स्टेशन उभं केलं. बांधकाम १८७८ला सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिचं नाव दिलं गेलं. समोरची महापालिकेची इमारतही याच स्टीव्हन्सची. म्हणजे या चौकात उभं राहून मान कुठेही वळवा, एकाच माणसाचं अक्षर दिसतं. भिंतींवरचे मोर, माकडं, पानं-फुलं यांच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. फाटकाच्या दोन खांबांवर दोन जनावरं बसलीत, एक सिंह आणि एक वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. पोराने दोघांना नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "वाघ जास्त चिडलेला आहे."

आत्याने मात्र सासऱ्यांकडून ऐकलेलं एकच नाव लावून धरलं होतं, बोरीबंदर. तिचं चुकत नव्हतं. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली, तेव्हा हा राजवाडा नव्हताच. होतं ते साधं बोरीबंदर स्टेशन. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा पल्ला आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ही नावं ऐकून पोरगा म्हणाला, "कुस्तीचे पैलवान वाटतात."

मग इराण्याकडे बन मस्का. दुकान अर्थातच कोपऱ्यावरचं. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, इराण्यांनी ती बिनदिक्कत घेतली, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं इराणी जाणे. चहात बन बुडवताना आत्याने माझ्या घराचं भाडं विचारलं. आकडा ऐकून तिचा बन कपातच राहिला. तिला बरं वाटावं म्हणून मी इतिहास काढला. १६६१च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेली. राजाला हे दलदलीचं बेट सांभाळणं जड झालं आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने देऊन टाकलं. भाडं १० पौंड.

"महिन्याला?"

"वर्षाला. सबंध मुंबईचं."

"अन् डिपॉझिट?" आत्या तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाली आहे. तिचे प्रश्न असेच असतात.

गेट गेलं, देवी आली

चर्चगेटचं गेट शोधायला चर्चगेट स्टेशनवर जाऊ नका. जुन्या मुंबईभोवती खरोखरच कोट होता. त्याचा जो दरवाजा सेंट थॉमस चर्चच्या वाटेवर उघडायचा, तो चर्चगेट. १८६०च्या दशकात कोट पाडला आणि दरवाजाही गेला. तो जिथे होता, साधारण तिथेच आज फ्लोरा फाउंटन आहे. वर उभी असलेली बाई म्हणजे फुलांची रोमन देवता. तिची मूळ नेमणूक इथली नव्हती. तिला भायखळ्याच्या बागेत बसवायचं ठरलं होतं, ऐनवेळी बदली होऊन ती भर बाजारात आली. भायखळ्याची ही बाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कारंज्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. आत्या तिथे दोन मिनिटं काही न बोलता उभी राहिली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्या काळी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते. आमच्या घरात हा वाद दर दिवाळीला फराळाबरोबर निघतो, म्हणून मीही गप्प राहिलो.

तिथून पाच मिनिटांवर ओव्हल मैदान. दीड दिवसात एकच जागा बघायची म्हटलं, तर मी हीच दाखवीन. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ: टोकदार कमानी, काळसर दगड, एकोणिसावं शतक. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या राहत्या इमारती: फिकट रंग, गोलाई दिलेले कोपरे, जहाजाच्या डेकसारख्या बाल्कन्या. त्यांना आर्ट डेको म्हणतात. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर बांधल्या, म्हणून जहाजाचा थाट शोभतोही. दोन शतकं समोरासमोर खुर्च्या टाकून बसलीत आणि मधल्या मैदानात एकाच वेळी चार-पाच क्रिकेटचे सामने चालू आहेत. या सामन्याचा फिल्डर त्या सामन्याच्या बॅट्समनशी भांडतोय. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही बाजू मिळून ९४ इमारतींना जागतिक वारसा ठरवलं.

पूर्वेकडचा उंच मनोरा राजाबाई टॉवर. राजाबाई कोण? कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याची आई. त्याने पैसे दिले आणि आईचं नाव मागितलं. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. या गृहस्थाने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही, तिकडूनच कागद पाठवले. माउलीला दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम पाळायला तिला घंटेचा उपयोग व्हायचा, अशीही गोष्ट सांगतात. आत्याने नातवाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. नातू हायकोर्टाच्या भिंतीवर माकड शोधत होता. हायकोर्टाच्या कोरीवकामात हातात तराजू घेतलेलं, एक डोळा बांधलेलं न्यायाधीश माकड आहे, असं मी त्याला सांगून बसलो होतो. माकड आहे, पण बाहेरून सहज दिसत नाही. पुढचा अर्धा तास त्याने माझ्याकडे एक डोळा बांधलेल्या न्यायाधीशासारखंच पाहिलं.

एकाच घरातली तीन माणसं

आता घोडा. काळा घोडा चौकात काळा घोडा आहे, पण तो नवा, २०१७चा. त्याच्या पाठीवर कोणी नाही. पोराने लगेच विचारलं, "स्वार पडला का?"

पडला नाही, त्याला उतरवलं. मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा. अल्बर्ट ससून या धनाढ्य व्यापाऱ्याने तो शहराला भेट दिला. लोकांनी राजाकडे लक्ष न देता घोड्याचं नाव चौकाला दिलं, हा मुंबईकरांचा न्याय. १९६५ साली राजाला घोड्यासकट इथून हलवलं. कुठे? भायखळ्याच्या बागेत.

इथे एक कोडं सुटतं. दक्षिण मुंबई म्हणजे एका कुटुंबाचा अल्बम आहे. स्टेशन आजीचं, म्हणजे व्हिक्टोरियाचं. घोडा तिच्या मुलाचा, एडवर्डचा. गेटवे ऑफ इंडिया नातवाचा, पाचव्या जॉर्जचा. समोरच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिलाही याच नातवाने १९०५ला युवराज म्हणून बसवली, म्हणून ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. मग घराणं बदललं. स्टेशन १९९६पासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं, संग्रहालय १९९८पासून त्यांच्याच नावाचं, गेटवेसमोर १९६१पासून महाराज घोड्यावर. आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेला नाव मिळालं वीरमाता जिजाबाई भोसले यांचं. माटुंग्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजाने तर कमाल केली. व्हिक्टोरिया ज्युबिलीचं वीरमाता जिजाबाई केलं आणि व्हीजेटीआय ही अक्षरं तशीच ठेवली. पाटी रंगवणाऱ्याचे अर्धे पैसे वाचले असतील.

जाता जाता एक जर्जर इमारत दिसते, एके काळचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत तयार करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ला इथे ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. पॅरिसच्या पहिल्या खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मुंबईचं सिनेमावेड इथून सुरू झालं.

तिरपा दरवाजा

"काहून रे, हा दरवाजा तिरपा काहून हाये?" गेटवेसमोर आत्याने विचारलं. हजारो लोक रोज इथे फोटो काढतात आणि हा प्रश्न कोणालाच पडत नाही. गेटवेकडे सरळ येणारा रुंद रस्ता काढायचा बेत होता. पैसे संपले, रस्ता झालाच नाही. दरवाजा मात्र न झालेल्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, तो अजून तसाच आहे.

त्याची सगळी जन्मकथाच उशिराची. राजा-राणी २ डिसेंबर १९११ला इथे उतरले, तेव्हा स्वागताला होती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाचा दगड १९१३ला बसला आणि दरवाजा उघडला ४ डिसेंबर १९२४ला. पाहुणा येऊन तेरा वर्षांनी तोरण बांधलं. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी निघून गेली. स्वागताला दरवाजा नव्हता, निरोपाला होता.

शेजारचं ताज त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठं, १९०३चं. इथले फोटोवाले एक गोष्ट रंगवून सांगतात: हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते बघून साहेब वास्तुविशारदाने वरून उडी मारली. शुद्ध थाप. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने. थापेत एक मराठी माणूस मात्र आयता गायब होतो, म्हणून ती सांगणाऱ्याला मी दरवेळी अडवतो. दरवेळी तो मला फोटो काढणार का विचारतो.

आता हत्तीची गुहा. लाँचच्या तिकिटाच्या खिडकीशी गेलो आणि कपाळावर हात मारला. सोमवार! घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मी जन्माचा मुंबईकर, पाहुण्यांना यादी देणारा, आणि वार बघितला नाही. पोराचा चेहरा पाहवेना. मग एकेक गोष्ट पुड्यातल्या शेंगदाण्यासारखी त्याच्या हातावर ठेवत गेलो. मुंबईचं सर्वांत नावाजलेलं लेणं मुंबईत नाहीच, ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. गेटवेवरून लाँचने तासाभरावर असलेल्या त्या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती थेट २०१८ साली. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती तिथे नाहीच.

"मग कुठे आहे?"

"उद्या दाखवतो."

काहीच लटकत नाही

संध्याकाळी मलबार हिल. लाल रेघांची वेळ आली. हँगिंग गार्डनमध्ये पोरगा अर्धा तास मान वर करून फिरला. झुडपांचे कापून केलेले प्राणी दिसले, लटकणारं काही दिसलं नाही. बाग लटकत नाही, ती बसली आहे, तीही पाण्याच्या मोठ्या टाकीवर. १८८०च्या सुमारास जलाशयाच्या छपरावर माती टाकून ती केली. आपण हिरवळीवर भेळ खातो तेव्हा पायांखाली शहराचं पिण्याचं पाणी असतं. हे कळल्यावर आत्याने पोराला जोरात उड्या मारायची बंदी केली.

समोरच्या कमला नेहरू पार्कातून मरीन ड्राइव्ह दिसतो. दिवेलागणीला तिथे पाच मिनिटं आधीच जाऊन कठडा धरावा. आधी एक दिवा, मग सात-आठ, मग एकदम सगळी कमान. म्हणून त्याचं लाडकं नाव क्वीन्स नेकलेस. सरकारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा. राणीचं स्टेशन गेलं, बाग गेली, गळ्यातला हार तेवढा राहिला.

उतरून चर्नी रोडला लोकल पकडली. हे नावही बघा. ब्रिटिशांनी मैदानावर गुरं चारायला पैसे लावले, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या खिशातून जवळच जमीन विकत घेऊन गुरं फुकट चरायला सोडली. चरणी, म्हणून चर्नी रोड, असं सांगतात. आता तिथे चरायला माणसं येतात.

दादरला उतरून वडापाव. बाहेरगावच्या पाहुण्याला तो इथेच खिलवावा, कारण १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला असं मानलं जातं. गंमत म्हणजे या अस्सल मराठी पदार्थातले बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीज, आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आलेली. आपलं काय? बेसन, लसणाची चटणी आणि गाडीवर उभं राहून खायची घाई.

मासे पहाटे, हत्ती दुपारी

मंगळवारी पहाटे पाचला ससून डॉक. आत्या आधी नाकाला पदर लावून, मग पदर विसरून उभी. बोटीतून टोपल्या फेकल्या जातात, हवेतच झेलल्या जातात, लिलाव हाका आणि खाणाखुणांवर चालतो. परक्याला आकडा कळेपर्यंत माल विकलेला असतो. बर्फाच्या गाडीला वाट दिली नाही तर तुम्हीच बर्फात. एका बाजूला बायका ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. आत्या एकीच्या बोटांकडे बघत राहिली: डोकं, कवच, शेपूट, तीन हालचाली, पुढची. बाई मान वर न करता म्हणाली, "घेणार असशील तर बस, नुसती बघतेस काय?" आत्या शाकाहारी. ती म्हणाली, "हात बघून राहिलो बाई तुझे." बाई हसली, पण बोटं थांबली नाहीत.

हा डॉक १८७५चा, आणि बांधणारा काळा घोडा देणारा तोच अल्बर्ट ससून.

आणि आता भायखळा. बुधवारी राणीची बाग बंद असते, यावेळी मी वार तीनदा तपासला होता. पोरगा धावला पेंग्विनकडे. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी मुळात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ साली ते आले सेऊलहून आणि राहतात भायखळ्याला. सगळी मुंबई घामाने निथळत असताना तिथे एकटे तेच गारव्यात. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "पाखरायले एसी, अन् आपल्याले पंखा."

मग भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला नेऊन मी पोराला थांबवलं. समोर दगडी हत्ती. घारापुरीचा. १८६४ साली इंग्रजांना तो इंग्लंडला न्यायचा होता. उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडला आणि फुटला. तुकडे इथे आणून टाकले, १९१४ साली ते जुळवून पुन्हा उभा केला. पोराने जवळ जाऊन सांधे शोधले, एकेका भेगेवरून बोट फिरवलं. मग मागे वळला आणि त्याला एडवर्डचा घोडा दिसला.

"काका! घोडा पण इथेच?"

खिशातून पान निघालं. हत्तीवर बरोबरची खूण, घोड्यावर बरोबरची खूण. चर्चगेटच्या गेटापुढे त्याने थोडा विचार करून फुली मारली. हँगिंग गार्डनच्या लाल रेघांना आणखी एक रेघ जोडून कंसात लिहिलं, "टाकी."

गाडी दादरलाही थांबते, पण जिथून सुटते तिथूनच बसायचं हा आत्याचा हट्ट. भायखळ्याला टॅक्सी केली. पोराला सिनेमातली जुनी पद्मिनी हवी होती, पण ती २०२३ सालीच रस्त्यावरून गेली. आली ती साधी, नवी.

"सीएसएमटी," मी म्हणालो.

ड्रायव्हरने मीटर पाडलं. "व्हीटी ना?"

"बोरीबंदर," मागच्या सीटवरून आत्या.

"हां, तेच," तो म्हणाला आणि गाडी काढली.